विजापूर: एक दिवस, एक कॅमेरा

सोलापूरहून जेमतेम शंभर किलोमीटर. तरी आपली मंडळी गोल घुमट पाहून जेवायला परत फिरतात!

घुमट उघडताच आत शिरा. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा अरुंद जिना चढून सज्ज्यात पोचलात की भिंतीला तोंड लावून कुजबुजा. समोरच्या टोकाला कान लावून उभ्या असलेल्याला ती कुजबुज स्पष्ट ऐकू येते. उशीर केलात आणि सहली आल्या की नुसत्या आरोळ्या. बाहेरून फोटोत नगारखाना मध्ये येतो, म्हणून थोडं बाजूला सरका.

माझं मत विचाराल तर खरं विजापूर इब्राहिम रोजात आहे. एकाच चौथऱ्यावर समाधी आणि मशीद समोरासमोर. मशिदीचं तोंड पूर्वेला, म्हणजे तिच्यावर ऊन सकाळी. समाधीची त्या बाजूची भिंत उजळते दुपारनंतर. दगडात कोरलेल्या अक्षरांच्या जाळ्यांसाठी हाच तिरपा उजेड हवा. झूम लेन्स न्याच.

मलिक-ए-मैदान तोफेचं तोंड जवळून टिपा: सिंहाच्या जबड्यात हत्ती! १५४९ साली अहमदनगरला ओतलेली ही तोफ. संध्याकाळ बारा कमानीला ठेवा. अर्धवट राहिलेल्या काळ्या कमानी आकाशावर झकास उठतात.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आधीच काढा.