नॉर्मन वेल्स : उत्पादनाच्या अखेरीस आलेले उत्तरेचे तेलगाव

कॅल्गरी, एडमंटन किंवा ह्यूस्टनच्या तेलउद्योगात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांना नॉर्मन वेल्स हे नाव कागदपत्रांतून परिचित असते. प्रत्यक्ष गाव पाहिलेले मात्र क्वचितच कोणी भेटते. कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये, मॅकेन्झी नदीच्या काठी, आर्क्टिक वृत्ताच्या सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेस वसलेल्या या गावाची लोकवस्ती सातशेच्या आसपास आहे. एका बाजूस अनेक किलोमीटर रुंदीचे नदीपात्र, पलीकडे मॅकेन्झी पर्वतरांगा आणि नदीच्या मधोमध तेलविहिरींसाठी बांधलेली सहा कृत्रिम बेटे, असे येथील दृश्य आहे. हे दृश्य फार काळ असेच राहणार नाही. इंपीरियल ऑइल कंपनीने 2026 च्या तिसऱ्या तिमाहीअखेर येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला आहे.

तेलाने घडवलेले गाव

येथे तेल झिरपते हे स्थानिक डेने लोकांना पूर्वापार ठाऊक होते. त्यांच्या भाषेतील गावाच्या नावाचा अर्थच ‘जेथे तेल आहे ते ठिकाण’ असा होतो. इंपीरियलच्या विहिरीला 1920 मध्ये तेल लागले. परंतु बाजारपेठ इतकी दूर होती की प्रारंभी त्याला फारसा ग्राहकच नव्हता. 1930 च्या दशकात ग्रेट बेअर सरोवराकाठच्या खाणींमुळे थोडी मागणी निर्माण झाली.

दुसऱ्या महायुद्धाने चित्र पालटले. जपानी आक्रमणाच्या भीतीने अलास्काला इंधन पुरवण्यासाठी अमेरिकी लष्कराने ‘कॅनॉल’ प्रकल्प हाती घेतला. पर्वत ओलांडून व्हाइटहॉर्सपर्यंत 900 किलोमीटरहून अधिक लांबीची वाहिनी टाकण्यात आली. 1944 मध्ये तिच्यातून तेल पोहोचले आणि 1945 मध्ये वाहिनी बंदही झाली. पुढे 1985 मध्ये दक्षिणेकडे अल्बर्टातील झामापर्यंत 869 किलोमीटरची नवी वाहिनी सुरू झाली. सदैव गोठलेली जमीन वितळू नये म्हणून तिच्यात सोडण्यापूर्वी तेल थंड केले जात असे. आजचे गाव मुख्यतः या दुसऱ्या पर्वाची निर्मिती आहे.

पर्यटकाने काय पाहावे

गावातील ऐतिहासिक संग्रहालयात तेलाचा, कॅनॉलचा आणि साहतू प्रदेशातील जनजीवनाचा इतिहास एकत्र पाहावयास मिळतो. भेटीची सुरुवात तेथून करावी. पुढे जे दिसते त्याचा अर्थ त्यामुळे उलगडतो.

नदीपलीकडे कॅनॉल वारसामार्ग सुरू होतो. युकॉनच्या सीमेपर्यंत सुमारे 355 किलोमीटरची ही पायवाट कॅनडातील अत्यंत खडतर वाटांपैकी एक मानली जाते. वाटेवर युद्धकाळातील मोडकी वाहने आणि उपसा केंद्रांचे अवशेष आहेत. परंतु दुकान नाही, पूल बहुतेक वाहून गेलेले आहेत आणि थंडगार नद्या स्वतःच पार कराव्या लागतात. संपूर्ण वाटचालीस सुमारे तीन आठवडे लागतात. ज्यांना तेवढा अनुभव वा अवकाश नाही, त्यांनी लहान विमानातून पर्वतांचे आणि डोडो घळीचे दर्शन घेणे श्रेयस्कर. अनुभवी नावाड्यांना माउंटन आणि कील या नद्या साद घालतात. मासेमारीसाठी परवाना घ्यावा लागतो.

जूनमध्ये सूर्य अगदी थोडा वेळ मावळतो आणि अंधार होतच नाही. डिसेंबरच्या मध्यात दिवस अवघा तीन तासांच्या आसपास असतो. त्या दीर्घ रात्रींत ध्रुवीय प्रकाश दिसतो, पण पारा उणे तीस अंशांखालीही उतरतो.

पोहोचण्याचा प्रश्न

येथे बारमाही रस्ता नाही. यलोनाइफहून विमानाने सुमारे 680 किलोमीटरचा प्रवास करणे हाच सर्वसामान्य मार्ग. हिवाळ्यात काही महिने बर्फावरील रस्ता खुला होतो. हवामानामुळे उड्डाणे लांबतात, म्हणून परतीच्या प्रवासापूर्वी एक-दोन दिवस हाताशी ठेवावेत. अस्वलांना पळवणारा फवारा विमानातून नेता येत नाही. तो तेथेच मिळवावा. रानात जाण्यापूर्वी आपला मार्ग आणि परतीची तारीख पोलिसांकडे नोंदवावी व उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारे यंत्र जवळ बाळगावे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना कॅनडाचा स्वतंत्र व्हिसा आवश्यक आहे.

तेलानंतर काय?

उत्पादन थांबण्याचा अर्थ केवळ नोकऱ्या जाणे एवढाच नाही. स्थानिक तेलक्षेत्रातील नैसर्गिक वायूवर गावातील घरे तापत असत. तो पुरवठा 2014 मध्येच बंद झाला आणि उष्णतेचा खर्च कुटुंबांच्या अंदाजपत्रकात मोठा झाला. 2024 मध्ये मॅकेन्झीचे पाणी इतके खालावले की मालवाहू तराफे गावापर्यंत पोहोचू शकले नाहीत. इंधन आणि सामान विमानाने आणावे लागले. नगरपालिकेला मिळणारा कर, विमानतळावरील वर्दळ आणि दुकानांचा धंदा या सर्वांचा एक धागा तेलकंपनीशी बांधलेला आहे.

दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. कॅनॉल सोडून लष्कर निघून गेले, तेव्हा वाहिन्या, पिंपे आणि दूरध्वनीच्या तारा जागेवरच राहिल्या. त्या तारांमध्ये शिंगे अडकून प्राणी मरत. त्या काढण्यास अनेक दशके लागली. म्हणूनच बेटे, विहिरी आणि दूषित माती यांची जबाबदारी पूर्णपणे पार पाडली जावी, हा साहतू डेने आणि मेती समाजांचा आग्रह समजण्याजोगा आहे. 1993 च्या भूहक्क करारामुळे या प्रदेशाच्या निर्णयांत त्यांना अधिकृत स्थान आहे.

पर्यटन तेलाची जागा घेऊ शकेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तरीही स्थानिक वाटाड्या नेमणारा, गावातच मुक्काम करणारा आणि आपला कचरा परत नेणारा पाहुणा येथे भार ठरत नाही. तेलावर उपजीविका करणाऱ्या वाचकाला तर ही भेट आणखी काही दाखवते : विहीर कशी सुरू होते हे सर्वजण शिकतात, ती बंद होताना गावाचे काय होते, हे नॉर्मन वेल्समध्ये समजते.