गावातील लहान धर्मादाय संस्था : नोंदणी आणि कारभार

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा वर्धा नदीकाठचा, कापूस पिकविणारा तालुका. येथे मोठ्या संस्था मोजक्याच. परंतु भजनी मंडळ, वाचनालय, देवस्थान, प्रार्थना मंडळ अशा लहान संस्था गावोगावी आढळतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा विदर्भातील खेड्यापाड्यांत रुजविली. दहावीस माणसे सायंकाळी एकत्र बसतात, त्यासाठी कोणत्याही कायद्याची गरज नसते. मात्र वर्गणी जमू लागली, कोणी जागा दिली, सभामंडप उभा राहिला, की तेथून विश्वस्ताची जबाबदारी सुरू होते.

समान धर्मादाय उद्देशासाठी एकत्र आलेल्या किमान सात व्यक्तींना संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये संस्था नोंदविता येते. महाराष्ट्रात अशा संस्थेला सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदणी करावी लागते. त्यासाठीचा १९५० चा कायदा पूर्वी मुंबईच्या नावाने ओळखला जाई. २०१२ पासून तो महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. नोंदणी न केलेल्या मंडळाने धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावयाची असल्यास धर्मादाय आयुक्तांची परवानगी आवश्यक असते. उत्सवाच्या धांदलीत या तरतुदीची आठवण क्वचितच कोणाला होते.

नोंदणी झाली म्हणजे सर्व झाले, असा एक गैरसमज सार्वत्रिक आहे. वस्तुतः खरी अडचण पुढे उद्भवते. समजा, एखाद्या मंडळाचे सात विश्वस्त नोंदले गेले. वीस वर्षांत त्यांपैकी चार निवर्तले, दोघे मुलांकडे नागपूरला राहावयास गेले. गावाने नवी माणसे निवडली. दिवाबत्तीपासून हिशेबापर्यंत सारे काम तीच पाहतात. परंतु न्यासाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट एकमध्ये, नावे जुनीच राहिली. एक दिवस रस्त्याच्या कामात मंडळाची जमीन जाते, मोबदला मंजूर होतो आणि बँक परिशिष्टाची प्रमाणित प्रत मागते. काम करणाऱ्यांना सहीचा अधिकार नाही आणि अधिकार असलेले हयात नाहीत, असा हा पेच. अशा वेळी पैसा पडून राहतो आणि गावात संशय मात्र वाढतो.

यासाठी कायद्याच्या कलम २२ मध्ये तरतूद आहे. विश्वस्ताचा मृत्यू, राजीनामा, नवी निवड किंवा मालमत्तेतील बदल घडल्यापासून ९० दिवसांत बदल अर्ज सादर करावयाचा असतो. विलंबाचे सबळ कारण दाखविल्यास मुदत वाढवून मिळू शकते. पण वीस वर्षांचे बदल एकामागून एक सिद्ध करणे सोपे नसते. त्या काळातील सभांची सूचना, उपस्थितांच्या सह्या आणि ठराव मिळाले, तरच नव्या निवडीला आधार सापडतो. इतिवृत्ताची वही हीच तेथे साक्षीदार ठरते.

इतिवृत्त लिहिण्याच्या बाबतीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची रीत पाहण्याजोगी आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेल्या या पंथाच्या अनेक सभांत पुरोहित नसतो. सभासद शांत बसतात. कारभाराच्या सभेत ते मतदान घेत नाहीत. सर्वांचे म्हणणे ऐकून कार्यवाह तेथेच निर्णय लिहितो, वाचून दाखवितो आणि शब्दरचना सभेला मान्य झाल्यावरच पुढील विषय निघतो. या पंथाच्या मार्जोरी साइक्स यांनी राळेगावहून फारसे दूर नसलेल्या सेवाग्राम येथे नयी तालीमच्या कामात अनेक वर्षे घालविली. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभाही सर्वसहमतीने निर्णय घेण्याबद्दल प्रसिद्ध आहे. नोंदणीकृत संस्थेला आपल्या नियमावलीतील गणपूर्ती व बहुमताचे नियम पाळावेच लागतात. तथापि सभा उठण्यापूर्वी ठराव वाचून दाखविण्यास कोणताही नियम आड येत नाही. आठ दिवसांनी आठवून लिहिलेल्या इतिवृत्तापेक्षा हे कितीतरी बरे. अनेक गावांत शिक्षकच चिटणीस असतात. त्यांच्या बदलीनंतर वही कोणाच्या ताब्यात आहे, याची नोंद वहीतच असावी.

जागेविषयी विशेष दक्षता हवी. तोंडी दिलेल्या जमिनीने न्यासाला मालकी मिळत नाही. नोंदणीकृत दानपत्र लागते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद कर आकारणीची असते, ती मालकीचा पुरावा नव्हे, ही गोष्ट पंचायत सदस्यांनी देणगीदाराच्या हयातीतच समजावून सांगितल्यास पुढील पिढीचा वाद टळू शकतो. न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास, बदलून देण्यास किंवा दान करण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि इमारत किंवा अकृषिक जागा ३ वर्षांहून अधिक काळ पट्ट्याने द्यावयाची असली, तरी तोच नियम आहे. विश्वस्तांनी न्यासासाठी कर्ज काढण्यावरही कायद्याचे निर्बंध आहेत.

हिशेब साधारणतः दरवर्षी ३१ मार्चला मिटवावयाचे असतात आणि त्यांची तपासणी करून घ्यावयाची असते. पावती दिल्याशिवाय वर्गणी घेऊ नये व रक्कम विश्वस्ताच्या घरी न ठेवता न्यासाच्या खात्यात भरावी.

आपल्या मंडळाची स्थिती काय आहे, हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी प्रथम यवतमाळ येथील सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून परिशिष्ट एकची प्रमाणित नक्कल मिळवावी. त्यातील नावे व मालमत्ता प्रत्यक्षाशी ताडून पाहिल्यावर कोणते बदल अर्ज करावे लागतील, ते ठरविता येते. जुन्या विश्वस्तांपैकी कोणी हयात असल्यास त्यांच्याकडील वह्या व कागदपत्रे याच वेळी सहीनिशी ताब्यात घ्यावीत.