क्यूब फुटतो अठ्ठाविसाव्या दिवशी

स्लॅबच्या दिवशी साइटवर सगळ्यांनाच घाई. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या, गाड्या रांगेत, पंप सुरू, ओरडून ओरडून मुकादमाचा घसा बसलेला. त्या गोंधळात एक जण पत्र्यावर उकिडवा बसून स्लम्प कोन भरत असतो. हा ‘क्वालिटीवाला’, म्हणजे साइट लॅबचा टेक्निशियन. आयटीआय किंवा सिव्हिलचा डिप्लोमा करून आलेला.

कोन ३० सेंटिमीटर उंच, खाली २० आणि वर १० सेंटिमीटर व्यासाचा. माल थराथराने भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे द्यायचे आणि कोन सरळ वर उचलायचा. माल किती बसला, तो स्लम्प. १०० मिलिमीटर ठरलेला असताना १८० भरला, तर पहिला संशय पाण्याचा. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीतला माल घट्ट होतो, मग कुणीतरी ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतं. पातळ माल पंपातून सरसर जातो, पसरायलाही सोपा. सिमेंटच्या मानाने पाणी वाढलं की ताकद घटते, हे डफ अब्राम्सने शिकागोत १९१८ सालीच मांडलं होतं. पाइप सोडणारे त्यानंतरही सोडतातच.

‘गाडी परत’ म्हणायचं ते इथेच. सहा घनमीटर माल परत पाठवला की पंप थांबतो, स्लॅबमध्ये सांधा पडायची भीती, वरून साहेबांचा फोन. माझ्या मते या नोकरीचं खरं मोल या पाच-दहा मिनिटांत आहे. पुढे राहतात त्या बहुतेक नोंदीच.

त्या नोंदी क्यूबच्या. तेल लावलेले १५ सेंटिमीटरचे साचे, एका नमुन्याचे तीन क्यूब. दुसऱ्या दिवशी साचे खोलायचे, क्यूबवर तारीख आणि ग्रेड लिहून ते टाकीत सोडायचे. सातव्या दिवशी काही फोडून अंदाज घेतात, पण निकाल धरायचा तो २८व्या दिवसाचा. क्यूब ओलाच मशीनमध्ये जातो आणि तोही आडवा, कारण साच्यात वर राहिलेली बाजू खडबडीत असते. एम-२५चा क्यूब म्हटलं की साधारण ५७ टन भार. काटा चढत जातो, थबकतो आणि कडा सुटू लागतात. नीट फुटलेला क्यूब चारी बाजूंनी सोलून निघतो, मध्ये डमरू उरतो. एकाच बाजूने चिरला, तर जाणता टेक्निशियन आकडा लिहिण्याआधी प्लेट पुसलेली होती का, साचा गुण्यात होता का, ते बघतो.

एव्हाना त्या स्लॅबवर कॉलम उभे राहिलेले असतात, कधी पुढचा मजलाही. क्यूब नापास झाला तरी कुणी लगेच पाडायला धावत नाही. रिबाउंड हॅमर येतो, कोअर काढतात, चर्चा होते.

शिवाय क्यूब लाडात वाढलेला. त्याला टाकीत २७ अंशांचं पाणी, स्लॅबला मे महिन्याचं ऊन. वाफे करून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय अॅशवाल्याला १० दिवस पाणी हवं. ते काम बहुधा वॉचमनकडे आणि सुट्टीच्या दिवशी टँकरच्या भरवशावर. क्युरिंगचंही रजिस्टर असतं म्हणा. त्यात कधी कधी दहाही दिवसांच्या सह्या एकाच पेनने, एकाच बैठकीत केलेल्या सापडतात.