सुई टोचली, तर लपवू नका

मोलगी परिसरातील पाड्यांवर आरोग्यसेविका येते, तेव्हा तिच्या खांद्याला लसीची पेटी असते. डोंगरवाट तुडवून ती बाळांना लस टोचते, गरोदर मातांना धनुर्वाताची सुई देते, मलेरिया आणि सिकलसेलच्या तपासणीसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेते. यातील प्रत्येक कामात सुई आहेच. दुसऱ्याच्या रक्ताने माखलेली ही सुई चुकून तिच्याच बोटात घुसली, तर काय होईल, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

सेवा करणाऱ्यालाच रोग जडावा, हे आपल्याकडे नवे नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या काळी प्लेगवर खात्रीचे औषध नव्हते. सुईच्या जखमेवर मात्र आज उपाय आहेत. ते वेळेवर व्हायला हवेत, एवढेच.

अशा सुईतून मुख्यतः तीन विषाणू शरीरात शिरू शकतात. सुई एचआयव्हीबाधित रक्ताची असेल, तर हजार जखमांमागे साधारण तीन जणांना लागण होते. 'ब' प्रकारच्या काविळीचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. लस न घेतलेल्यांमध्ये तो शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. तिसरी 'क' प्रकारची कावीळ. तिच्यावर लस नाही. मात्र वेळीच निदान झाले, तर आता ती गोळ्यांनी बरी होते.

सुई टोचल्यास पुढीलप्रमाणे करावे :

१) जखम लगेच साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. बोट तोंडात घालू नये, जखम दाबून रक्त काढू नये, तीव्र जंतुनाशक लावू नये.

२) वरिष्ठांना ताबडतोब सांगून नोंद करावी. आपले रक्त तपासून घ्यावे आणि शक्य असल्यास, रुग्णाच्या संमतीने, त्याचेही.

३) डॉक्टरांनी सांगितल्यास एचआयव्हीप्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांच्या आत सुरू कराव्यात. ७२ तास उलटल्यावर त्यांचा उपयोग होत नाही. त्या २८ दिवस न चुकता घ्याव्या लागतात.

पाड्यावरून रुग्णालय गाठण्यातच दोन तास निघून जातात. म्हणून या गोळ्या जवळ कोठे मिळतात, हे जखम होण्याआधीच प्रत्येकाला माहीत असावे. त्याहून मोठी अडचण संकोचाची. "माझ्याच हातून चूक झाली, साहेब रागावतील, लोक भलताच संशय घेतील," या भीतीने अनेकजण गप्प राहतात आणि मोलाचा वेळ जातो. वरिष्ठांनी अशा वेळी रागावू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार अशा कर्मचाऱ्याला औषध मिळवून देणे ही संस्थेची जबाबदारी आहे.

जखम टाळणे तर सर्वांत चांगले. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावू नये. सुई जागीच कटरने तोडून जाड, न भोसकणाऱ्या डब्यात टाकावी. 'ब' काविळीच्या लसीचे तीन डोस (पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा) सफाई कामगारांसह सर्वांनी घ्यावेत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनीही रुग्णालयांवर हे लसीकरण बंधनकारक केले आहे. कचऱ्याची पिशवी उचलणाऱ्या मावशींना आत काय आहे ते दिसत नाही, त्यामुळे त्यांचा धोका कमी समजू नये.

यात वाचकांचाही वाटा आहे. बाळाला लस देताना त्याचे हातपाय घट्ट धरा. बाळाने एकदम हिसका दिला की सुई सेविकेच्या हाताला लागते. गोळीने भागणार असेल, तर "सुईच द्या" असा हट्ट धरू नका. घरी इन्सुलिन घेत असाल, तर सुया उघड्या कचऱ्यात न टाकता जाड डब्यात साठवा आणि दवाखान्यात नेऊन द्या.

आपल्या पाड्यापर्यंत चालत येणारी सेविका धडधाकट राहिली, तरच पुढच्या महिन्यात बाळाची लस वेळेवर होईल.