उल्हासनगरचं रक्त आणि अकरावं गुणसूत्र

आमच्या बदलापूरच्या बेलवलीतून लोक उल्हासनगरला जातात ते कपडे, फर्निचर नाहीतर मोबाइलचे सुटे भाग घ्यायला. मी बहुतेक वेळा हिमोग्लोबिनवर गप्पा मारायला जातो. घरचे याला खूळ म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

पार्श्वभूमी झटपट उरकतो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत उतरली; 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. बीटा थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार सगळ्याच समाजांत आहे, सिंधी समाजात त्याचं प्रमाण जास्त. बीटा जनुकाची एक प्रत बिघडलेली असली तर माणूस ‘मायनर’, म्हणजे नुसता वाहक. दोन्ही बिघडल्या तर ‘मेजर’. दोघंही पालक मायनर असतील तर दर गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता 25 टक्के. मेजर मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं, आणि त्यातून साचणारं लोह काढायला औषधं द्यायची. भारतात सर्वाधिक आढळणारा बिघाड डीएनएच्या एकाच अक्षराचा आहे. सिंधी कुटुंबांत मात्र 619 अक्षरांचा आख्खा तुकडा गळालेला वारंवार सापडतो. परळला केईएमच्या आवारात असलेल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने अशा बिघाडांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे.

इथवर पाठ्यपुस्तक. कॅम्पातल्या एका ओळखीच्या दुकानदारांनी मला विचारलं होतं, “भाऊ, पोरगा जन्मला तेव्हा एकदम ठणठणीत होता. सहा महिन्यांत असं काय झालं?” माझं सारं वेड या प्रश्नात आहे.

अकराव्या गुणसूत्रावर ग्लोबिनची पाच जनुकं ओळीने बसली आहेत, आणि ती ज्या क्रमाने बसली आहेत, साधारण त्याच क्रमाने आयुष्यात कामाला लागतात: आधी भ्रूणाचं एप्सिलॉन, मग गर्भातली दोन गॅमा, शेवटी डेल्टा आणि बीटा. नवजात बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन गॅमाच्या जोरावर चालतं. पुढच्या काही महिन्यांत गॅमा थंडावतं, काम बीटाकडे येतं, आणि बिघाड तेव्हा उघडा पडतो. मूल तेच, जनुकंही तीच. कोणतं चालू आणि कोणतं बंद, एवढंच बदललं.

या ओळीच्या बरंच अलीकडे एक नियंत्रक पट्टा आहे. डीएनए दुमडून तो पट्टा पाळीपाळीने एकेका जनुकाला जाऊन भिडतो आणि ते जागं होतं. 1983 मध्ये एका डच कुटुंबातलं बीटा जनुक तपासलं तर सगळी अक्षरं शाबूत, तरीही आजार! त्या जनुकाच्या अलीकडचा सुमारे एक लाख अक्षरांचा भाग गळाला होता. घरातला दिवा धडका, पण खांबापासूनची वायरच गेलेली.

थोडं विषयांतर होईल, पण मुंबईचं उदाहरण सोडवत नाही. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट नोंदवला. या माणसांकडे ए किंवा बी गटाचं जनुक असू शकतं. पण त्याला ज्यावर काम करायचं तो एच पदार्थच तयार होत नाही, म्हणून साध्या तपासणीत गट ‘ओ’ दिसतो. रक्त मात्र आपल्याच गटाचं लागतं. एका जनुकाचं नशीब दुसऱ्याच्या हातात असतं, ते असं.

गॅमाचंही तसंच. त्याला बंद करणारं ‘बीसीएल11ए’ हे जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या आसपासच्या बारीक फरकांमुळे काही रुग्णांत मोठेपणीही गॅमा थोडं चालू राहतं, आणि त्यांचा आजार सौम्य होतो. मग हे बंद करणारं जनुकच मोडलं तर? पण ते इतर पेशींना हवं असतं. म्हणून ‘कॅसजेव्ही’ या उपचारात फक्त लाल पेशींच्या वंशात त्याला चेतवणारा नियामक तुकडा कापतात. ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये त्याला मान्यता दिली. मला यातली सुंदर गोष्ट ही वाटते की बिघडलेल्या बीटाला कोणी हातही लावत नाही. निवृत्त गॅमालाच कामावर परत बोलावतात. अमेरिकेतली किंमत मात्र 22 लाख डॉलर, शिवाय आधी जबर केमोथेरपी.

तेव्हा आज आपल्या हातात उरते ती वाहक तपासणी. बीटा कमी पडलं की शेजारच्या डेल्टापासून बनणाऱ्या एचबीए2चं प्रमाण वाढतं. ते साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं की बहुधा वाहक ओळखता येतो. लग्न ठरताना ही तपासणी करावी असा प्रचार चालतो. मला ती वेळ चुकीची वाटते. साखरपुड्याची तारीख निघाल्यावर रिपोर्ट दडवले जातात आणि दोष मुलीच्या माथी येतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षीच, मुलगा-मुलगी न बघता, सगळ्यांची तपासणी व्हावी. सिंधी आडनाव पाहूनही नको. मायनर माणूस बदलापुरातही भेटतो, आणि बहुतेकदा त्याचं त्यालाच ठाऊक नसतं.