घरी घेतलेल्या थेंबाचा हिशेब

२०२० च्या उन्हाळ्यात कोरोना किती जणांना नकळत होऊन गेला, हे अँटीबॉडी तपासल्याशिवाय कळणार नव्हते आणि रक्त द्यायला लोकांना दवाखान्यात बोलावणे धोक्याचे होते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने किटच घरी पाठवले. बोट टोचायचे, रक्त छोट्या शोषक टोकांवर टिपायचे, वाळवायचे आणि टपालात टाकायचे. वाळलेल्या रक्तावरची चाचणी नवी नव्हती. नवजात बाळाच्या टाचेतला थेंब कागदावर टिपण्याची रॉबर्ट गथ्री यांची पद्धत १९६० च्या दशकापासून रूढ आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या ‘रिॲक्ट-२’ पाहणीत तर थेंब चाचणीपट्टीवर टाकून निकालही लोकांनीच वाचला. आज मागे वळून पाहता या प्रयोगाचे मोल समाजाची मोजदाद करण्यात होते. एकट्या माणसाला अभय देण्यात नव्हते.

सामान्य माणसाला हे जमणार नाही, हा पहिला आक्षेप टिकला नाही. ‘रिॲक्ट-२’च्या पहिल्या फेरीत सुमारे एक लाख प्रौढांनी चाचणी पूर्ण केली. अचूकतेचा आक्षेप मात्र वजनदार होता. बोटातल्या रक्तासाठी किटची पडताळणी झालेली नाही, म्हणून ब्रिटनच्या नियामकाने मे २०२० अखेर घरी थेंब घेऊन चाचणी करून देणाऱ्या खासगी सेवा तात्पुरत्या थांबवायला लावल्या. ‘रिॲक्ट-२’च्या पट्टीची संवेदनशीलता ८४.४ टक्के आणि विशिष्टता ९८.६ टक्के होती. हजारांत साठ जणांना संसर्ग होऊन गेला असेल, तर पट्टी त्यांतले सुमारे ५१ पकडते आणि वर १३ निरोग्यांना चुकून मोजते. म्हणजे ‘पॉझिटिव्ह’ आलेल्या पाचांत एक निकाल खोटा. त्या एका माणसासाठी ही चूक मोठी; पण चुकीचे प्रमाण ठाऊक असल्याने एकूण आकडा दुरुस्त करता येतो. तसा तो केल्यावर इंग्लंडचे प्रमाण ६ टक्के निघाले.

मग उरतो निवडीचा प्रश्न. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोक स्वतःहून पुढे आले. त्यांतून वय, वंश, प्रदेश पाहून आठ हजारांवर नमुने घेतले, तेव्हा निदान झालेल्या प्रत्येक रुग्णामागे सुमारे पाच निदान न झालेले संसर्ग दिसले. तरीही जो किट मागवतो, सूचना वाचतो, टपाल गाठतो, तोच इथे मोजला जातो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत पाहणी पथकांनी नमुने गोळा केले, तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के आणि इतरत्र १६ टक्के लोकांत अँटीबॉडी आढळल्या. ही दरी टपालाच्या भरवशावर कितपत दिसली असती? म्हणून घरचा थेंब हवाच, पण जिथून पाकीट परत येत नाही त्या दारापर्यंत पथकाने चालत गेलेच पाहिजे.