नगरचा तट आणि नगरच्या वेशी

कर्जतहून आपण नगरला कितीदा तरी जातो. कुणी कोर्टाच्या कामाला जातो, कुणी दवाखान्यात. काम उरकते, थोडा बाजार होतो, की सांजच्या एस.टी.ने मिरजगावमार्गे आपण घरी परत. आम्हीही वर्षानुवर्षे असेच गेलो नि आलो. दिल्ली दरवाजाखालून शंभर वेळा गेलो असू; पण मान वर करून कधी पाहिले नाही. या खेपेला मात्र मुद्दाम एक दिवस काढला. काय पाहिले ते सांगतो.

अहमद निजामशहाने १४९० साली हे शहर वसवले. म्हणून त्याचे नाव अहमदनगर पडले. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चोंडी आपल्या शेजारच्या जामखेड तालुक्यातले. बोलताना मात्र आपण अजून 'नगर'च म्हणतो.

१५६० च्या सुमारास हुसेन निजामशहाने शहराभोवती तट घातला. तट म्हणजे जाड, उंच भिंत. आपण शेताला कुंपण घालतो ना, तसेच हे शहराचे कुंपण. त्यात जागोजाग दरवाजे, म्हणजे वेशी. वेस लावली की शहर बंद. आज हा तट बराचसा गेला आहे. दिल्ली दरवाजा आणि माळीवाडा वेस अजून उभ्या आहेत. स्पेन देशात आविला नावाचे शहर आहे. त्याचा सुमारे अडीच किलोमीटरचा तट आणि नऊ दरवाजे आजही शाबूत आहेत. तो पाहायला देशोदेशीची माणसे जातात.

शहराच्या पूर्वेला भुईकोट किल्ला आहे. डोंगरी किल्ल्याला कडे राखतात. इथे सगळी सपाट जमीन. तेव्हा भोवती खोल, रुंद खंदक खणला. हा किल्लाही हुसेन निजामशहानेच दगडात बांधला.

त्याचीच लेक चांदबिबी. १५९५ साली अकबर बादशहाचा मुलगा मुराद फौज घेऊन आला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. आतल्या लोकांना सुगावा लागला. त्यांनी काही सुरुंग निकामी केले. पण एक उडालाच! तटाला मोठे खिंडार पडले. लोक घाबरले. तेव्हा चांदबिबी हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. मग लोकांनाही धीर आला. दिवसभर लढाई झाली. रात्रीतून पडलेली भिंत पुन्हा रचली. पुढे १५९६ साली तह झाला. वऱ्हाड द्यावा लागला, पण नगर वाचले.

पुढे काय झाले? १६०० साली मोगल परत आले. दरबारात दुही माजली होती. चांदबिबीला तिच्याच लोकांनी मारले, आणि किल्ला पडला. तट तोच होता. आतली माणसे मात्र फुटली होती.

१८०३ साली किल्ला शिंद्यांकडे होता. इंग्रज सेनापती वेलस्लीने ८ ऑगस्टला तटाला शिड्या लावून शहर घेतले. १२ ऑगस्टला तोफांच्या माऱ्यापुढे किल्लाही गेला.

१९४२ च्या ऑगस्टात इंग्रजांनी नेहरू, पटेल, आझाद अशा पुढाऱ्यांना याच किल्ल्यात कोंडले. शत्रूला बाहेर ठेवायला बांधलेला तट, तो आपल्याच माणसांना आत डांबायच्या कामी आला. पण नेहरूंनी १९४४ साली तिथे पाच महिन्यांत भारताच्या इतिहासावर मोठे पुस्तक लिहिले. माणूस आत राहिला, पण त्याचे शब्द तटाबाहेर गेले. लिहिता-वाचता येण्याचे बळ ते हेच!

बायाबापड्यांनो, दादांनो, पुढच्या खेपेला तुम्हीही एक घटका काढा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तेव्हा आधी चौकशी करा, ओळखपत्र जवळ ठेवा. तिथली पाटी दुसऱ्याकडून वाचून घेऊ नका. अक्षर अक्षर लावत स्वतः वाचा.

आणि आपल्या गावची वेसही एकदा नीट पाहा. तिचा दगड निखळला, तर घराच्या पायाला नेऊ नका. चार जण मिळून तो जागच्या जागी बसवा. चांदबिबीच्या लोकांनी एका रात्रीत भिंत उभी केली. आपल्याला एक दगड बसवणे काय जड आहे?